सोयरिकीच्या पलीकडची ओळख

अमरावती-अकोल्याकडे कुठलंही काम निघालं की त्याच्या आधी एक प्रश्न निघतो : "तिथं आपलं कोणी हाये का?" पोराला पुण्यात नोकरी शोधायची असो, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत गाळा घ्यायचा असो, की नागपूरला आईचं ऑपरेशन करायचं असो, विचारणं तेच. शिकलेली मंडळी या प्रश्नाला हसतात आणि स्वतःवर वेळ आली की तोच विचारतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. अनोळखी जागी पाय टाकण्याआधी तिथल्या वाटा माहीत असलेल्या माणसाला विचारावं, हे शहाणपणच आहे. खोट एवढीच की उत्तर शोधताना आपली नजर लांब जात नाही. मावसभाऊ, साडू, गावचा कोणी, जातीचा कोणी, इथवर आली की ती थांबते. हाती आलेल्या नावाचा माणूस त्या धंद्यातला आहे का, त्याला खरंच काही कळतं का, हे मग कुणी बघत नाही.

हे पुस्तक अशा घरांतल्या मुलामुलींसाठी आहे, ज्यांच्या घरात नोकरीत किंवा व्यवसायात उतरणारं ते पहिलंच माणूस आहे. बाप कास्तकार, आई वावरात, काका फार तर तलाठी. अशा घरातून इंजिनिअर, सीए, वकील किंवा नर्स झालेल्या पोरीला पदवीपर्यंत कुणी ना कुणी सांगणारं भेटतं. पदवीनंतर काय करायचं, पहिला पगार किती मागायचा, कोणत्या साहेबाखाली काम शिकायला मिळेल, नोकरी कधी सोडावी, हे सांगणारं मात्र भेटत नाही. डॉक्टरच्या मुलाला हे जेवणाच्या टेबलावर ऐकू येतं. त्या टेबलावर जागा नसलेल्यांनी ती कुठून मिळवावी, हा या पुस्तकाचा विषय. त्याची तंत्रं पुढच्या प्रकरणांत येतीलच. प्रस्तावनेत मी जुनी-नवी काही उदाहरणं मांडतो. ती सगळी वऱ्हाडातली किंवा वऱ्हाडाशी जोडलेली आहेत, आणि हा विषय बाहेरून आलेला नाही हे त्यांवरून कळतं.

1897च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष होते मद्रासचे सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. तोवरची अधिवेशनं बहुतेक मोठ्या शहरांत झालेली. कापसाच्या बाजारपेठेच्या गावी ते येण्यामागे इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं बांधलेले धागे होते. खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले, काही वर्षं वऱ्हाडात सरकारी नोकरी केलेले आणि मग ती सोडून अमरावतीत वकिली थाटलेले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर मूळचे धुळ्याचे. तिसरे मोरोपंत जोशी. मुधोळकर पुढे 1912मध्ये बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजकारणात खापर्डे टिळकांचे आणि मुधोळकर मवाळ, पण दोघांचं काम एकाच गावात, एकाच कोर्टात. आपल्याशी मतभेद असलेला पण आपलं काम ओळखणारा माणूस जवळ असणं ही चैन नव्हे, गरज आहे. होयबांच्या घोळक्यात सल्ला मिळत नाही, मान डोलावणं मिळतं. टिळकांना 1908मध्ये शिक्षा झाल्यावर खापर्डे अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेला गेले आणि 1910पर्यंत तिथे राहिले. ओळख जपायची म्हणजे किती, याचं ते मापच म्हणायचं.

मात्र ते वर्तुळ वकिलांचं होतं, शहरातलं होतं, आणि त्याच्या दारात उभं राहायलाही आधी एका विशिष्ट घरात जन्म घ्यावा लागे. पापळच्या कास्तकाराच्या मुलाला तिथे कोण बसू देणार?

पापळ अमरावती जिल्ह्यातच आहे. पंजाबराव देशमुखांचा जन्म तिथे 27 डिसेंबर 1898चा. गावची शाळा, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचं हिंदू हायस्कूल, पुण्याचं फर्ग्युसन, अशी एकेक पायरी चढत 1920मध्ये ते विलायतेला गेले. तिथे वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर झाले आणि 1926मध्ये परतले. अमरावतीत वकिलीत जम बसवावा, चार मोठ्यांच्या पंगतीत जाऊन बसावं, हे त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. 1927च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिराच्या प्रश्नावर परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते, आणि पंजाबराव अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे होते. 1928मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, 1930मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडाचे मंत्री. 1932मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली.

छात्रालयाकडे आपण राहण्या-जेवण्याची सोय म्हणून बघतो. मला त्यात दुसरंच दिसतं. दर्यापूरचा पोरगा, मोर्शीचा पोरगा आणि अचलपूरचा पोरगा एका खोलीत चार वर्षं राहिले, की पुढे एक वकील होतो, एक मास्तर, एक ओव्हरसियर. एकमेकांच्या गावची लग्नं त्यांनी खाल्लेली असतात, एकमेकांच्या बापाचं कर्ज ठाऊक असतं. तिघांत रक्ताचं नातं नाही, पण तिघांच्या तीन तालुक्यांतल्या ओळखी आता तिघांच्याही झाल्या. खापर्डे-मुधोळकरांकडे जे एल्फिन्स्टनमुळे आलं, ते पंजाबरावांनी खेड्यातल्या पोरांसाठी खाटा आणि मेस लावून तयार केलं. शिक्षणसंस्थेच्या इतिहासात वर्गखोल्यांचं कौतुक भरपूर असतं. या खाटांची नोंद कुणी ठेवत नाही.

दूरच्या ओळखी का कामी येतात, याचा अभ्यास पुढे अमेरिकेत झाला. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं : ज्याच्याकडून या नोकरीची खबर लागली, त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? 1973च्या त्याच्या निबंधात उत्तरं आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्याकडून खबर लागलेले 16.7 टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून 55.6 टक्के, आणि क्वचितच भेट होणाऱ्याकडून 27.8 टक्के. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्याला जे कळतं ते आपल्यालाही कळलेलंच असतं. वेगळी खबर वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडे असते. 2022मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सभासदांवर झालेल्या प्रयोगाने त्यात दुरुस्ती केली : अगदी पुसट ओळखी फारशा कामाच्या नाहीत, अगदी घट्टही नाहीत, मधल्या ओळखी सगळ्यांत कामाच्या. म्हणजे रोज चहाला भेटतो तो नव्हे, आणि ज्याने नुसती रिक्वेस्ट स्वीकारली तोही नव्हे. एकदा ज्याच्यासोबत प्रकल्प केला, ज्याच्याकडे उन्हाळ्यात दोन महिने काम शिकलो, जो कॉलेजात दोन वर्षं पुढे होता, तो.

आपल्या सोयरिकीचा दोष इथे दिसतो. ती दाट असते. अडीनडीला दवाखान्यात रात्र काढायला, पोरीच्या लग्नात पंगत वाढायला तिच्यासारखं काही नाही. पण भातकुलीच्या एका घराला जी नोकरी ठाऊक, तीच त्याच्या पंचवीस सोयऱ्यांना ठाऊक. पंचविसांनाही तीच पोलीस भरती, तोच डी.एड., तोच एमपीएससीचा क्लास. मग सगळ्यांची मुलं एकाच रांगेत उभी राहतात आणि रांग पुढे सरकत नाही म्हणून नशिबाला बोल लावतात.

नोकरीची खबर मिळणं वेगळं आणि सल्ला मिळणं वेगळं. सल्ल्यासाठी मला मेळघाटातलं एक उदाहरण सगळ्यांत बोलकं वाटतं.

शेगावचे रवींद्र कोल्हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. दुर्गम भागात जाऊन डॉक्टरकी करायची, हे डोक्यात पक्कं झालेलं. डेव्हिड वर्नरचं 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' हे पुस्तक वाचनात आलेलं. असा ध्येयवेडा पोरगा समोर आला की आपल्याकडचे वडीलधारे दोनच गोष्टी करतात. पाठ थोपटतात, नाहीतर "वेडा झाला का बाप्पा?" म्हणून घरी पाठवतात. कोल्हे डॉ. उल्हास जाजूंकडे गेले. जाजू सेवाग्रामला वैद्यकशास्त्र शिकवत आणि खेड्यांत काम करत. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. जिथे काहीच सोय नाही तिथे काम करणाऱ्या डॉक्टरला तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं : सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करणं, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणं, आणि हगवणीवर उपचार करणं. कोल्हे मुंबईला जाऊन सहा महिने तेच शिकले आणि मग मेळघाटातल्या बैरागडला गेले. हरिसालपासून पुढचे सुमारे 40 किलोमीटर तेव्हा पायीच तुडवावे लागत.

या सल्ल्यात जा किंवा जाऊ नको हे कुठेच नाही. निर्णय कोल्ह्यांचाच राहिला. जाजूंनी त्या निर्णयाची किंमत सांगितली, तीही शिकता येईल अशा तीन कामांच्या भाषेत. चांगला सल्लागार ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही. त्याच्याकडून उठताना तुम्हाला बरं वाटतंय की वाईट, याला महत्त्व नाही. उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे कळलं का, एवढंच बघायचं.

गोष्ट तिथे संपत नाही. बैरागडला गेल्यावर कोल्ह्यांना आपलं ज्ञान अपुरं पडतंय हे जाणवलं. ते परत आले आणि एम.डी. केलं. लग्नानंतर डॉ. स्मिता कोल्हेही तिथे गेल्या. पहिल्या भेटीला 2 रुपये आणि पुढच्या तपासणीला 1 रुपया, एवढी त्यांची फी होती. पुढे कोरकू आदिवासी शेतकरी माणसांबरोबर गुरांची आणि पिकांचीही दुखणी घेऊन यायला लागले. इथे दुसरा एखादा म्हणाला असता, हे माझं काम नव्हे. कोल्ह्यांनी पशुवैद्य मित्राकडून जनावरांची शरीररचना समजून घेतली आणि शेती शिकायला अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ गाठलं. कुपोषणाची मुळं शेतीत आहेत, हे ओळखलेल्या डॉक्टरला त्यावरचे जाणकार दुसऱ्या शाखेत भेटले. 2019मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे त्या पद्मश्रीचे सत्कार खूप झाले. डॉक्टर माणूस शेती शिकायला कुणाकडे गेला, ही त्यांच्या चरित्रातली कामाची ओळ मात्र सत्काराच्या भाषणांत क्वचितच येते.

एका जाजूंनी सगळं सांगितलं नाही, सांगूही शकले नसते. वैद्यकाचा माणूस वेगळा, गुरांचा वेगळा, बियाण्यांचा वेगळा. 'मला एक चांगला मेंटॉर पाहिजे' असं आजची मुलं म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात सर्वज्ञ गुरू असतो. तसा भेटत नाही, आणि भेटला तर त्याच्यापासून जरा लांबच राहिलेलं बरं. आपल्याला चार-पाच माणसं लागतात, प्रत्येकाला एकाच गोष्टीबद्दल विचारावं अशी.

आता उलट बाजू. वऱ्हाडातल्या कास्तकाराचा रोजचा सल्लागार कोण? विद्यापीठातला शास्त्रज्ञ नाही, कृषी सहायकही नाही. तो असतो कृषी केंद्राचा मालक. कपाशीचं पान तोडून कास्तकार काउंटरवर ठेवतो, मालक चष्म्यातून बघतो आणि मागच्या फळीवरची बाटली काढतो. सल्ला फुकट, बाटली उधार. सल्ला देणाराच माल विकतो आणि तोच सावकारी करतो, तेव्हा सल्ल्याचं काय होणार? 2017च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यामागे कारणं अनेक होती आणि सगळा दोष दुकानदारावर टाकणं अन्याय होईल. कित्येक मालक मनापासून सांगतात, आणि दुसरं सांगणारं कोणी जवळ नसतं हेही खरं. हैदराबादच्या 'मॅनेज' या केंद्रीय संस्थेने दुकानदारांसाठीच वर्षभराची कृषी विस्तार पदविका काढली आहे. सल्ला शेवटी तिथूनच जातो, हे सरकारलाही मान्य आहे. तरीही ज्याच्या गल्ल्यात आपल्या निर्णयाने भर पडते, त्याचं बोलणं ऐकावं आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. विमा एजंट, प्लॉटवाला, कोचिंग क्लासचा काउन्सेलर, परदेशी शिक्षणाचा कन्सल्टंट, सगळ्यांना हेच लागू आहे. गोड बोलण्याचा राग धरू नये. त्यांचं पोट कशावर आहे, एवढं लक्षात ठेवावं.

दुसरं कोण, हाही प्रश्न येतोच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवारफेरी होते. त्या दिवशी शास्त्रज्ञ प्रयोगाच्या वावरात उभा असतो आणि कास्तकार त्याला तोंडावर विचारू शकतो. पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास कृषी प्रदर्शनही भरतं. तिथे जाऊन नुसते स्टॉल बघून, पिशवीभर पत्रकं घेऊन परतणारे खूप असतात. एखादाच आपल्या कपाशीचे फोटो आणि फवारण्यांच्या तारखा वहीत लिहून नेतो. त्या एखाद्याला शास्त्रज्ञ अर्धा तास देतो, कारण त्यालाही अशा नोंदी कुठे मिळतात?

कविता हा काही पोटापाण्याचा धंदा नाही, तरी सल्ला कसा द्यावा-घ्यावा याचा वस्तुपाठ मला एका कवीत सापडतो. सुरेश भट अमरावतीचे, जन्म 15 एप्रिल 1932चा. गझल शिकू पाहणाऱ्या नव्या पोरांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि ती वाटली. तुझ्यात प्रतिभा आहे, लिहीत राहा, असं सांगून कुणाला वाटेला लावलं नाही. वृत्त, रदीफ, काफिया काय ते आधी शीक, मग शेर दाखव, असा त्यांचा खाक्या. उर्दूतली उस्ताद-शागिर्दाची रीत त्यांनी मराठीत आणली. तिच्यात शागिर्द रिकाम्या हाताने येत नाही. काहीतरी लिहून आणतो, उस्ताद त्यावर बोट ठेवतो. कवितेबाहेरच्या क्षेत्रांतही हीच रीत चालते. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी पोरगी ताळेबंद घेऊन जाते. कोर्टातला ज्युनिअर दाव्याचा मसुदा घेऊन सीनिअरपुढे उभा राहतो. ज्याच्याकडे दाखवायला काहीच नाही, त्याला सल्ला देणार तरी कशावर?

म्हणून 'सर, मार्गदर्शन करा' हा मेसेज पाठवू नका. त्याला उत्तर येत नाही, आणि आलं तर 'मेहनत करा' एवढंच येतं. अमक्या कंपनीच्या दोन ऑफर आहेत, एकीत पगार जास्त आणि काम टेस्टिंगचं, दुसरीत पगार कमी पण डेव्हलपमेंटचं, मी दुसरीकडे कललोय, माझ्या विचारात काय राहून गेलं, असं लिहा. पाच ओळी पुरतात. मग निर्णय काय घेतला आणि काय झालं, हे महिन्या-दोन महिन्यांनी कळवा. बहुतेक मुलं इथे चुकतात. काम झालं की फोन बंद, पुढचं काम निघालं की परत "नमस्कार सर". मोठी माणसं हे विसरत नाहीत, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

मुलींची अडचण वेगळी आहे आणि ती सहसा कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ओळखी ऑफिस सुटल्यावर टपरीवर, ढाब्यावर, क्रिकेटच्या मैदानावर पक्क्या होतात. तिथे पोरगी नसते, आणि असली तर घरच्यांना चालत नाही. 'नेटवर्क वाढवा' हा उपदेश तिला करणं म्हणजे अर्धं गाव बंद ठेवून बाजार कर म्हणण्यासारखं आहे. तिने काय करावं, याचं सोपं उत्तर या पुस्तकात नाही. ज्या बायका आधी या वाटेने गेल्या, त्यांनी दिवसाउजेडी, कामाच्या वेळेत आणि लेखी संवादातून ओळखी कशा बांधल्या, ते एका प्रकरणात आलं आहे. मी तर म्हणेन, पुरुष वाचकांनी ते आधी वाचावं. मीटिंग टपरीवर ठेवायची की ऑफिसात, हे बहुधा तेच ठरवतात.

राहता राहिला वशिला. ओळखीने खबर मिळते, सल्ला मिळतो, काम दाखवायची एक संधी मिळते. काम न येता पद मिळालं तर तो वशिला. सीमा बारीक आहे आणि आपण सगळे ती अधूनमधून ओलांडतो. अनुभव असा की वशिल्याने लागलेला माणूस पुढे कुणाला विचारायला धजत नाही. विचारलं तर येत नाही हे उघडं पडतं.

शेवटी पैशाबद्दल. वकील, सीए, आर्किटेक्ट, डॉक्टर या ओळखीच्या मंडळींना लग्नाच्या पंगतीत गाठून फुकट विचारायची आपली सवय जुनी. "भाऊ, जरा सांगजा ना, माह्या सातबाऱ्यावर..." असं म्हणत ताटावरच कागद उलगडला जातो. तो बिचारा घास तोंडात ठेवून जे सुचेल ते सांगतो, आपण त्यावर वावराचा सौदा करतो आणि फसलो की गावभर त्याचं नाव घेतो. जमिनीची खरेदी, भागीदारीचा करार, कर्जाला जामीन राहणं, असल्या कामात पंगतीतला सल्ला घेऊ नये. वेळ मागून ऑफिसात जावं, कागद दाखवावेत, फी द्यावी आणि पावती घ्यावी.